वर्तनाची परीक्षा केव्हां करावी?

गेल्या महिन्यांत आमच्या एका जुन्या वाचकांचें पुण्याहून पत्र आलें. पत्र लांब आहे. परंतु त्यांतील आशय थोडक्यांत असा. त्यांचे चिरंजीव व सूनबाई अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांत असतात. नातू आठ वर्षांचा. तिसऱ्या इयत्तेंत आहे. तो स्वमग्न असल्याचें निदान चौथ्या वर्षींच झालेलें असून तेथील सरकारी शाळेंत त्याला विशेष शिक्षण मिळतें. यंदा मात्र त्याच्याविषयीं तक्रारी सुरू झाल्या आहेत. तो कागद फाडतो, बाकाखालीं जाऊन बसतो, आणि कोणी हात धरून उठविण्यास गेलें तर चावतो. चार वेळां त्याला दिवसभरासाठीं शाळेंतून काढण्यांत आलें. शिवाय "आज कांहीं खरें नाहीं, येऊन घेऊन जा" असे दुपारचे दूरध्वनि निराळेच. आतां सूनबाईंस एका मैत्रिणीनें सुचविलें आहे कीं, शाळेकडे मुलाच्या वर्तनाची रीतसर परीक्षा मागावी. शाळा म्हणते, इतक्यांत घाई नको. चिरंजीव म्हणतात, थोडा धाक बसला म्हणजे सारें सुरळीत होईल. आणि आमचे वाचक विचारतात: "अशी परीक्षा मागून आपणच आपल्या मुलाच्या कपाळीं शिक्का मारून घेतला, असें तर नाहीं ना होणार? आणि मागावयाचीच तर ती केव्हां?"

आज आपल्यांतील पुष्कळ घरांचा एक खांब समुद्रापलीकडे उभा आहे, आणि नातवंडांच्या शाळेची काळजी आजी-आजोबांच्या देवघरापर्यंत येऊन पोंचली आहे. म्हणून या पत्राचें उत्तर खासगी रीतीनें न धाडतां येथेंच सविस्तर देत आहें.

प्रथम ही परीक्षा म्हणजे काय तें पाहूं. तिला तेथें 'फंक्शनल बिहेवियरल असेसमेंट' असें म्हणतात. परीक्षा म्हटली तरी तींत प्रश्नपत्रिका नसते, गुण नसतात, आणि कोणी उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण होत नाहीं. बुद्धि मोजण्याशीं किंवा विकाराचें नांव ठरविण्याशीं तिचा संबंध नाहीं. ती एकच प्रश्न विचारते: हें मूल असें कशासाठीं वागतें? आमच्या न्यायशास्त्रानें सोळा पदार्थ सांगतांना प्रमाण, प्रमेय व संशय यांच्या मागोमाग चौथें स्थान 'प्रयोजन' या पदार्थास दिलें आहे. माणूस प्रयोजनावांचून कांहीं करीत नाहीं हें तत्त्व मोठ्यांच्या बाबतींत आपण सहज मान्य करितों. मुलांच्या बाबतींत मात्र 'वात्रट' एवढा एक शब्द उच्चारून मोकळे होतों. ज्या मुलाला आपलें प्रयोजन शब्दांनीं सांगतांच येत नाहीं, त्याच्या बाबतींत तर तें शोधण्याची गरज सर्वांत अधिक. आणि तेथेंच आपण सर्वांत आधीं थकतों.

परीक्षेची पद्धति साधी आहे, पण चिकाटीची आहे. पहिली पायरी वर्णनाची. 'तो हट्टी आहे', 'तो अंगावर येतो' हें वर्णन नव्हे. तो निवाडा झाला. 'लेखनाच्या तासाला कागद पुढें ठेवल्यावर पांच मिनिटांच्या आंत तो फाडतो व बाकाखालीं जातो. या आठवड्यांत असें सहा वेळां घडलें' हें वर्णन. दुसरी पायरी नोंदींची. प्रत्येक प्रसंगीं आधीं काय घडलें, मुलानें काय केलें, आणि त्याच्या लगेच पुढें काय झालें, या तीन गोष्टी लिहून ठेवावयाच्या. तास कोणता होता, समोर कोण होतें, गलबला किती होता, रात्रीं झोंप झाली होती काय, हेंही त्यांत येतें. शिक्षकांस व आई-वडिलांस विचारावयाचें, जुनीं टिपणें चाळावयाचीं, आणि जाणत्या माणसानें स्वतः वर्गांत बसून पाहावयाचें. तेंही केवळ बिघडलेल्या तासाला नव्हे, तर ज्या तासाला मूल शांत असतें त्या तासालाही. नोंदी पुरेशा झाल्या म्हणजे त्यांतून बहुधा चारांपैकीं एखादें प्रयोजन वर येतें: कोणाचें तरी लक्ष वेधून घेणें, हवी ती वस्तु वा हवा तो उद्योग मिळविणें, नकोशा कामांतून, जागेंतून वा माणसांतून सुटणें, किंवा त्या क्रियेंतूनच शरीराला मिळणारें सुख अथवा आराम.

या शास्त्राचा इतिहासही फार जुना नाहीं. १९७७ सालीं एडवर्ड कार या मानसशास्त्रज्ञानें, स्वतःलाच इजा करून घेणाऱ्या मुलांविषयींचें तोंवरचें संशोधन एकत्र मांडून दाखविलें कीं, बाहेरून एकसारखें दिसणारें हें वर्तन निरनिराळ्या कारणांनीं टिकून राहूं शकतें. आयुर्वेदाच्या निदानपंचकांत 'उपशय' म्हणून एक अंग आहे. रोगाचें स्वरूप गूढ असेल तेव्हां कोणत्या औषधानें, अन्नानें वा विहारानें आराम पडतो हें पाहून वैद्य रोग ओळखतो. ब्रायन इवाटा व त्यांचे सहकारी यांनीं १९८२ सालीं बाल्टिमोर येथें कांहींशा त्याच वाटेनें शोध घेतला. स्वतःला इजा करणाऱ्या नऊ जणांस त्यांनीं पाळीपाळीनें निरनिराळ्या परिस्थितींत ठेवून पाहिलें: एकदां काम सांगून, एकदां इजा केल्याबरोबर जवळ जाऊन, एकदां एकटें ठेवून, एकदां मोकळें खेळूं देऊन. नवांपैकीं सहा जणांच्या बाबतींत एका ठराविक परिस्थितींतच इजा वाढते असें दिसून आलें. आणि ती परिस्थिति सर्वांची एकच नव्हती.

तीन वर्षांनीं, १९८५ सालीं, कार व मार्क ड्युरँड यांनीं चार मुलांवर केलेला प्रयोग तर प्रत्येक शिक्षकानें ध्यानांत ठेवावा असा आहे. काम अवघड झालें म्हणजे जें मूल दांडगाई करी, त्याला 'मला समजत नाहीं' असें म्हणावयास शिकविलें. लक्ष हवें म्हणून जें करी, त्याला 'माझें काम चांगलें होतें आहे ना?' असें विचारावयास शिकविलें. प्रयोजनाला जुळणारें वाक्य मिळालें तेव्हां दांडगाई ओसरली. न जुळणारें वाक्य शिकविलें तेव्हां ओसरली नाहीं. म्हणजे औषध चांगलें असून भागत नाहीं. तें त्याच रोगाचें असावें लागतें. वर्तनाचें प्रयोजन न शोधतां केलेला उपाय, मग तो धाकाचा असो वा लाडाचा, अंधारांत मारलेला दगड होय.

हें वाचतांना मला माझाच एक विद्यार्थी आठवतो, आणि ती आठवण सुखाची नाहीं. माझ्या नोकरीचीं तीं पहिलीं वर्षें. सातवीचा वर्ग, वाचनाचा तास. मुलें ओळीनें उठून धड्यांतील एकेक परिच्छेद वाचीत. एक मुलगा असा होता कीं, त्याची पाळी दोन मुलांवर आली म्हणजे तो शेजाऱ्याला चिमटा काढी, किंवा कंपासपेटी खणकन खालीं पाडी. मी त्याला वर्गाबाहेर घालवीत असें. तो मुकाट्यानें जाई आणि व्हरांड्यांतील खांबाला टेकून उभा राही. कधीं रडला नाहीं, कधीं गयावया केली नाहीं. मुलगा कोडगा आहे अशी मीं समजूत करून घेतली. वर्षभर मी ही शिक्षा देत राहिलों, आणि वर्षभर तो ती घेत राहिला. वार्षिक परीक्षेच्या वेळीं त्याची उत्तरपत्रिका माझ्या हातीं आली. तींत छापील प्रश्नच, अक्षरें मागेंपुढें होऊन, जसेच्या तसे उतरविलेले होते; उत्तर एकही नव्हतें. त्याला वाचतां येत नव्हतें. चारचौघांत तें उघडें पडूं नये एवढेंच त्याचें प्रयोजन होतें. आणि मी त्याला दररोज बाहेर घालवून तें पुरें करीत होतों. मीं जिला शिक्षा समजलों ती त्याची सुटका होती. पुढच्या वर्षीं तो शाळेंत आलाच नाहीं.

त्या वेळीं माझ्याजवळ तज्ज्ञ नव्हता, कसला नियमही नव्हता. पण वही होती आणि डोळे होते. 'याची पाळी जवळ आली म्हणजेच हें कां घडतें?' एवढें विचारावयास तेवढें पुरेसें होतें. मीं तें विचारलें नाहीं.

आतां आपल्या नातवाकडे पाहावें. त्यानें कागद फाडला, चावा घेतला, म्हणजे पुढें काय होतें? दूरध्वनि वाजतो, आई येते, आणि मूल घरीं जातें. त्याचें प्रयोजन जर सुटका हें असेल, तर शाळा प्रत्येक वेळीं तें पुरें करीत आहे. जर आईची भेट हें असेल, तरीही पुरें करीत आहे. आणि प्रयोजन तिसरेंच कांहीं असेल, तर तें पाहिल्यावांचून कोणालाच कळणार नाहीं. चिरंजीवांच्या धाकाचीही हीच गत. जो धाक मुलाला सुटकेकडे नेतो, तो धाक त्या वर्तनाला खतपाणीच घालतो.

आतां कायद्याविषयीं. अमेरिकेंत अपंग मुलांच्या शिक्षणाचा मोठा कायदा १९७५ सालीं झाला. त्या कायद्याच्या आरंभींच तेथील विधिमंडळानें नमूद करून ठेवलें आहे कीं, देशांतील ऐंशी लाखांहून अधिक अपंग मुलांपैकीं निम्म्याहून अधिकांस योग्य शिक्षण मिळत नाहीं, आणि दहा लाख मुलें तर सार्वजनिक शिक्षणांतून अजिबात बाहेर ठेवलेलीं आहेत. या कायद्यानें त्यांना शाळेचें दार उघडलें. पण दार उघडल्यावर दुसरा प्रश्न आला: मूल त्रासदायक वागलें तर त्याला पुन्हां बाहेर काढतां येईल काय? सॅन फ्रान्सिस्को येथील दोन विद्यार्थ्यांच्या निमित्तानें हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 'होनिग विरुद्ध डो' या नांवानें प्रसिद्ध असलेल्या त्या खटल्यांत १९८८ सालीं न्यायालयानें निर्णय दिला कीं, अपंगत्वामुळें घडलेल्या वर्तनासाठीं शाळेला आपल्याच अधिकारांत मुलाला बेमुदत बाहेर ठेवतां येणार नाहीं; तातडीच्या प्रसंगीं दहा दिवसांपर्यंत ठेवतां येईल, आणि त्याहून अधिक हवें असल्यास न्यायालयाकडे जावें.

पुढें १९९७ सालच्या दुरुस्तीनें वर्तनाची ही परीक्षा प्रथमच कायद्यांत आली, आणि २००४ सालीं तिची आजची रचना ठरली. ती अशी. शाळेनें मुलाला सलग दहा शालेय दिवसांहून अधिक बाहेर काढलें, किंवा वर्षांत थोडथोडे करून दहाहून अधिक दिवस झाले व त्या काढण्यांत एक ठराविक क्रम दिसूं लागला, तर तो मुलाच्या शिक्षणस्थानांतील बदल समजला जातो. तसा निर्णय झाल्यापासून दहा शालेय दिवसांच्या आंत शाळेचे अधिकारी, पालक व संबंधित शिक्षक यांनीं एकत्र बसून दोन प्रश्नांचीं उत्तरें द्यावयाचीं. हें वर्तन अपंगत्वामुळें, किंवा त्याच्याशीं थेट व भरीव संबंध असल्यामुळें घडलें काय? अथवा मुलासाठीं ठरविलेली शिक्षणयोजना शाळेनें पाळली नाहीं, याचा तो थेट परिणाम आहे काय? दोहोंपैकीं एकाचेंही उत्तर 'होय' आलें, तर पूर्वीं झालेली नसल्यास वर्तनाची परीक्षा करणें व तीवरून वर्तनयोजना आखणें शाळेवर बंधनकारक होतें. योजना आधींच असेल तर ती पुन्हां तपासावी लागते. शस्त्र, अमली पदार्थ किंवा गंभीर शारीरिक इजा यांसारखे अपवाद सोडले, अथवा शाळा व पालक यांचें दुसरें कांहीं ठरलें नसेल, तर मुलाला आपल्या जागीं परत घेतलें जातें. उत्तर 'नाहीं' आलें तरी शिक्षण थांबवितां येत नाहीं, आणि योग्य वाटल्यास ही परीक्षा तेव्हांही करावयाची असते.

शाळा 'घाई नको' म्हणते तिचें मूळ येथें आहे. कायद्याची सक्ती दहा दिवसांच्या उंबरठ्यावर लागू होते, आणि आपल्या नातवाचे दिवस हिशेबीं चारच भरले आहेत. यांत शाळेचा दुष्टपणा आहे असें मी म्हणणार नाहीं. अशी परीक्षा नीट करावयाची तर जाणत्या माणसाचे कित्येक तास जातात, आणि अशीं माणसें सर्वत्र थोडींच असतात. परंतु सक्ती केव्हां सुरू होते हा एक प्रश्न, आणि गरज केव्हां सुरू होते हा दुसरा. घराला आग लागल्यावर बंब आलाच पाहिजे असा नियम असतो. म्हणून धूर दिसतांना स्वस्थ बसावें असा त्याचा अर्थ होत नाहीं. खुद्द कायद्यांतच दुसरें एक कलम आहे: ज्या मुलाचें वर्तन त्याच्या स्वतःच्या किंवा इतरांच्या शिक्षणाच्या आड येतें, त्याच्या शिक्षणयोजनेंत त्या वर्तनावरील विधायक उपायांचा विचार झालाच पाहिजे. तेथें दिवसांची अट नाहीं. आणि प्रयोजन न कळतां उपायांचा विचार करावयाचा तरी कसा?

मग रीतसर परीक्षेची वेळ आली हें ओळखावें कशावरून? माझ्या मतें खुणा पांच आहेत.

पहिली खूण धोक्याची. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करीत असेल, वर्गांतून रस्त्याकडे धांव घेत असेल, किंवा त्याला आवरण्यासाठीं मोठ्यांना त्याच्यावर बळाचा वापर करावा लागत असेल, तर अधिक वाट पाहूं नये. दुसरी खूण, साधे उपाय थकल्याची. जागा बदलून पाहिली, काम लहान तुकड्यांत दिलें, दिवसाचें वेळापत्रक चित्रांनीं दाखविलें, चांगल्या वागण्याचें कौतुक केलें. हें सारें कांहीं आठवडे निष्ठेनें केलें, लिहून ठेवलें, आणि तरीही फरक नाहीं, तर वरवरचा उपाय पुरे झाला असें समजावें. 'निष्ठेनें' आणि 'लिहून' हे दोन शब्द येथें महत्त्वाचे आहेत. दोन दिवस करून सोडलेल्या उपायावरून कांहींच ठरवितां येत नाहीं. तिसरी खूण पुनरावृत्तीची. तोच प्रसंग, त्याच तासाला, त्याच शेवटासह वारंवार घडूं लागला, तर त्यामागें प्रयोजन आहे असें मानून चालावें. चौथी, मुलाला वेगळ्या वर्गांत वा वेगळ्या शाळेंत हलविण्याची भाषा सुरू झाली तर. कारण प्रयोजन न शोधतां हलविलेलें मूल आपलें प्रयोजन बरोबर घेऊनच जातें. आणि पांचवी, जुनी योजना असून ती चालेनाशी झाली तर. मूल वाढलें, वर्ग बदलला, घर बदललें, म्हणजे जुनें निदान शिळें होतें.

ज्या वेळीं ही परीक्षा नको, तेंही सांगितलें पाहिजे. नाहीं तर प्रत्येक खोडीची चौकशी बसेल. एकदांच घडलेल्या प्रसंगाला ती नको. नव्या वर्गांतील पहिल्या कांहीं दिवसांच्या कावऱ्याबावऱ्या वागण्याला ती नको. साराच वर्ग गोंगाट करीत असेल तर परीक्षा एका मुलाची नव्हे, वर्गाच्या शिस्तीची करावी. आणि शांत मूल एकाएकीं बदललें, तर प्रथम वैद्याकडे जावें. दांत, कान, पोट, झोंप, नवें औषध यांपैकीं कांहीं दुखत वा खुपत असेल, आणि मुलाला तें सांगतां येत नसेल, तर तें वर्तनांतूनच बोलणार.

या पांच खुणांपैकीं पहिल्या व तिसऱ्या आपल्या पत्रांतच दिसतात. म्हणून माझें उत्तर असें कीं, परीक्षा आतांच मागावी. दहाव्या दिवसाची वाट पाहूं नये. शिवाय ते चार दिवस खरोखर चारच आहेत काय, हेंही एकदां मोजावें. २०२२ सालच्या जुलैंत तेथील केंद्रीय शिक्षणखात्यानें काढलेल्या मार्गदर्शनांत स्पष्ट केलें आहे कीं, वर्तनामुळें मुलाला लवकर घरीं नेण्यास पालकांस वारंवार सांगणें, किंवा त्याच्या शाळेची वेळ कमी करणें, हेंही बाहेर काढण्यांतच मोडूं शकतें. सूनबाईंनीं दिनदर्शिका पुढें घेऊन दुपारच्या प्रत्येक दूरध्वनीची तारीख व वेळ लिहून काढावी.

आणि आतां आपल्या पत्रांतील एका ओळीकडे आपलें लक्ष वेधतों. आपण सहज लिहून गेलां आहां कीं, गेल्या उन्हाळ्यांत आपण उभयतां तेथें चार महिने होतां, आणि त्या चार महिन्यांत नातू एकदांही चावला नाहीं. जेवण नको झालें वा चित्रें काढण्याचा कंटाळा आला कीं तो हात आडवा करून "पुरे" म्हणे, आणि आजी लगेच ताट उचलीत. ही ओळ वाचून मी थबकलों. 'पुरे' हा शब्द त्या शाळेंत कोणाला ठाऊक आहे काय? मूल लेखनाच्या तासाला कदाचित् प्रथम 'पुरे' म्हणत असेल. समोरच्या बाईंस तो निरर्थक उच्चार वाटत असेल. मग तें कागद फाडीत असेल, आणि तरीही सुटका न झाल्यास चावत असेल. असेंच आहे असें मी म्हणत नाहीं. तेथें जाऊन पाहिल्यावांचून कोणीही तसें म्हणूं नये. पण ज्या गोष्टीसाठीं ही परीक्षा असते ती नेमकी हीच, आणि ही माहिती फक्त आपल्याच घराजवळ आहे. परीक्षेचीं साधनें मुलाच्या मातृभाषेचा व त्याच्या संवादाच्या रीतीचा विचार करून वापरावीं असें तेथील नियमांतही आहे. म्हणून सूनबाईंनीं अर्जाबरोबर एक छोटी यादी द्यावी: मूल घरीं कोणते शब्द बोलतें, कोणत्या खुणा करतें, त्यांचा अर्थ काय, आणि त्या केल्यावर घरांतील माणसें काय करितात.

अर्ज लेखी असावा, त्यावर तारीख असावी, आणि एक प्रत घरीं ठेवावी. न्यू जर्सींत प्रत्येक शाळाविभागाची 'चाइल्ड स्टडी टीम' असते. अर्ज तिच्या नांवें द्यावा. त्यांत मुलाचें वर्तन वर सांगितल्याप्रमाणें शब्दशः लिहावें, विशेषणें टाळावीं. शाळेनें नकार दिला, तर त्याचीं कारणें लेखी देणें तिच्यावर बंधनकारक आहे. परीक्षा झाल्यावर अहवाल नीट वाचावा. तींत आई-वडिलांस विचारलें आहे काय? मुलाला चांगल्या व वाईट अशा दोन्ही तासांना पाहिलें आहे काय? वर्तनाचें प्रयोजन एका स्वच्छ वाक्यांत सांगितलें आहे काय? आणि पुढची योजना त्या वाक्यांतून निघते काय? कागद फाडण्याचें प्रयोजन सुटका हें ठरलें, आणि योजनेंत मात्र 'न फाडल्यास चांदणी मिळेल' एवढेंच असलें, तर ती योजना त्या अहवालाची नव्हे. मुलाला विश्रांति मागण्याचा शब्द, खूण वा चित्र शिकविणें, तें मागितल्याबरोबर थोडी विश्रांति देणें, आणि लेखनाचें काम त्याच्या आवांक्यांत आणणें, ही त्या प्रयोजनाची योजना होईल. आणि ती लागू पडली कीं नाहीं हें कांहीं आठवड्यांनीं पुन्हां मोजावें.

राहिला शिक्क्याचा प्रश्न. आपली भीति मी समजूं शकतों. आपल्या पिढीला 'परीक्षा' म्हटलें कीं निकालच आठवतो. पण विचार करावा. मुलाच्या दप्तरीं आज काय लिहिलें आहे? 'चावला, घरीं पाठविलें', 'कागद फाडले, घरीं पाठविलें'. शिक्का म्हणतात तो हाच, आणि तो दर दूरध्वनीगणिक अधिक ठळक होत आहे. परीक्षेनें त्या नोंदींपुढें 'कां' आणि 'आतां शाळेनें काय करावें' हीं दोन वाक्यें येतात. ज्या कागदावर शाळेचेंही कर्तव्य लिहिलेलें असतें, तो कागद मुलाच्या विरुद्ध जात नाहीं. सर्वसाधारण मुलांबरोबर शक्य तितकें एकत्र शिकवावें हें तत्त्व १९७५ सालापासून त्या कायद्यांत आहे. ही परीक्षा मुलाला वर्गांतून काढण्यासाठीं नसून वर्गांत ठेवण्यासाठीं आहे.

आपल्या इकडील शिक्षकबंधूंनीं हें परदेशचें प्रकरण म्हणून सोडून देऊं नये. शाळेंत मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें आपल्याकडे बंदी केली आहे. छडी हातांतून गेली. तिच्या जागीं वही घेणें मात्र आपल्यावर आहे. वर्गाबाहेर घालविण्यापूर्वीं तीन ओळी लिहाव्या: आधीं काय झालें, मुलानें काय केलें, पुढें काय झालें. आठ दिवसांनीं त्या ओळी एकत्र वाचाव्या. त्याला कोणाची परवानगी लागत नाहीं, आणि पैसाही लागत नाहीं.

असो. आजोबांनीं हें उत्तर चिरंजीवांस वाचून दाखवावें, सूनबाईंस धीर द्यावा, आणि 'पुरे' या शब्दापासून यादीला आरंभ करावा.